फोर्ड, प्लिमथ आणि एकच छप्पर

१७ सप्टेंबर १९९९, शुक्रवार

मुक्तिसंग्राम दिन. शाळेत झेंडावंदनाला गेले. खुर्ची दुसऱ्या रांगेत दिली होती. नव्या मुख्याध्यापकांनी दोरीची गाठ घट्ट मारली होती, झेंडा अर्ध्यावर अडला. मी खुर्चीवरून उठले नाही. मे महिन्यात मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, त्या दोरीशी आता माझा संबंध नाही.

घरी येऊन दहालाच स्वयंपाक उरकला. मग पुढचा सगळा दिवस उरला.

दुपारी नामाजी आला. माझा धाकटा भाऊ. नरसीच्या रस्त्यावर त्याचं गॅरेज आहे. पाणी प्यायला, टोपी काढली, परत घातली आणि म्हणाला, "अक्का, तुह्यासाठी एक काम हाय."

काम असं. हिंगोली जिल्हा झाल्यापासून सगळे रस्ते रुंद होऊन राहिले आहेत. गॅरेजच्या पुढच्या जागेत खुणेचे दगड रोवून गेले. मोठं छप्पर जाणार. मागचं लहान छप्पर राहील, त्यात एकच गाडी मावते आणि नामाजीकडे दोन जुन्या अमेरिकन गाड्या आहेत. एक आमच्या वडिलांची १९३७ ची फोर्ड; ते देशमुखांकडे ड्रायव्हर होते, पुढे देशमुखांनी ती त्यांनाच दिली. दुसरी १९५७ ची प्लिमथ, कापसाच्या जिनिंगच्या आवारात बाभळीखाली सडत पडली होती ती. नामाजीनं आणि त्याचा भागीदार उत्तमसिंग यानं सहा वर्षं खपून तिला चालती केली. नांदेडला अमृतराव म्हणून मंगल कार्यालयवाले आहेत. त्यांना नवरदेवासाठी एक जुनी अमेरिकन गाडी हवी आहे. कोणती, याची त्यांना फिकीर नाही. "मागं हार घालून नवरदेव बसला म्हणजे झालं," एवढंच त्यांचं म्हणणं.

"मग ठरव तू," मी म्हणाले.

"माह्याच्यानं न्हाई होत."

"उत्तमसिंगला ठरवू दे."

"त्याच्याच्यानं बी न्हाई होत. आमी दोघं आठ दिवस झाले एकमेकाच्या तोंडाकडं पाहून राहिलो. तूच ठरव. तुला मया न्हाई, अक्का. तू बराबर ठरवशील."

चौतीस वर्षांच्या नोकरीत इतकं नेमकं प्रशस्तिपत्र मला कुणी दिलं नव्हतं. हो म्हणाले.

१८ सप्टेंबर, शनिवार

सकाळी सातला गॅरेजात. सोबत दोनशे पानी वही, मोजपट्टी, दोन रंगांची पेनं. दोन्ही गाड्यांची परीक्षा घ्यायची, शंभर गुणांची. अंदाजानं आणि आवडीनं मी आजवर कुणालाही पास केलेलं नाही, गाड्यांनाही करणार नाही.

फोर्ड उंच, अरुंद, काळी. फेटा घालून आत ताठ बसता येतं, खुर्चीवर बसल्यासारखं. चढायला बाहेर पायरी आहे. सुरू करायला बटण आहे, बटण रुसलं तर पुढून हँडल मारायचं. पोटाखाली जमिनीपासून साडेआठ इंच मोकळे.

प्लिमथ लांबलचक आणि बसकी, वरून पांढरी, खालून पोपटी. आत बसायचं नसतं, लोळायचं असतं. गिअरची दांडी स्टिअरिंगलाच. पोटाखाली अवघे साडेपाच इंच. मागे दोन पंख काढलेत.

"यांचा उपयोग काय?" मी विचारलं.

"बाई, मोराच्या पिसाऱ्याचा उपयोग काय?" उत्तमसिंग म्हणाला. मी त्याला मोराच्या पिसाऱ्याचं शास्त्रीय कारण सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "मंग हेचं बी तेच," म्हणाला.

दोन्ही एकाच देशात बनल्या, मध्ये फक्त वीस वर्षं. पण फोर्ड करणाऱ्याला रस्ता वाईट असणार हे ठाऊक होतं आणि प्लिमथ करणाऱ्यानं तो गुळगुळीत असणार असं गृहीत धरलं होतं. हे वहीत लिहिलं.

नियम ठरवले. फोर्डची तयारी नामाजी करील, प्लिमथची उत्तमसिंग. ज्यानं त्यानं आपापल्या परीक्षार्थीची काळजी घ्यायची, दुसऱ्याच्या गाडीला हात लावायचा नाही. दोघांनीही लगेच "व्हय" म्हटलं. इतक्या लवकर कबूल होणारी पोरं वर्गात असली की मी सावध व्हायचे. पण हे पन्नाशीचे बापे आहेत.

अमृतरावांना फोन केला. पितृपक्षात वाहन न्यायचं नाही, दसऱ्याच्या सुमाराला नेऊ म्हणाले. मी तारीख दिली : १८ ऑक्टोबर, सोमवार. कामाचा वार आहे. "बाईंनी सांगितलं म्हणजे पाहूनच सांगितलं असंल," ते म्हणाले.

२२ सप्टेंबर, बुधवार

पहिला पेपर : सकाळी थंड इंजिन सुरू करणे. दहा गुण.

प्लिमथ दुसऱ्या झटक्याला बोलू लागली. फोर्ड वीस मिनिटं बोललीच नाही. नामाजीनं बटण दाबलं, हँडल मारलं, घाम गाळला, वडिलांचं नाव घेतलं. मी बॉनेटच्या बाजूनं वाकून पाहिलं तर पेट्रोलचा कॉक बंद.

"विसरलो," नामाजी म्हणाला.

तीस वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या गाड्यांचे कॉक उघडतो आहे. वय दिसू लागलं. फोर्डला दहापैकी तीन.

उत्तमसिंगला आपली गाडी पुढे गेल्याचा आनंद दिसला नाही. उलट नामाजीवर तोच चिडला. "असं करत असतेत व्हय?" म्हणाला.

२५ सप्टेंबर, शनिवार

दुसरा पेपर : एका लिटरमध्ये किती अंतर. फोर्ड सहा किलोमीटर गेली. प्लिमथ जेमतेम चार जाऊन थांबली. मला ते पटेना. खाली उतरून चाकं पाहिली तर चारही चपटी. हवा अर्धीसुद्धा नाही.

"निघाली असंल, बाई. उन्हानं," उत्तमसिंग म्हणाला. भाद्रपदात, सकाळी साडेसातला.

प्लिमथला दहापैकी चार. शेरा लिहिला : 'तयारीत हयगय.' उत्तमसिंगनं शेरा वाचला आणि मान डोलावली, जणू मी त्याला शाबासकी दिली. उलट नामाजीचंच तोंड उतरलं.

संध्याकाळी पुण्याहून मुलाचा फोन. आई, वेळ कसा जातो, म्हणाला. मला वेळ नाही असं सांगून फोन ठेवला.

२८ सप्टेंबर, मंगळवार

तिसरा पेपर : बैठकीचा आराम. यासाठी ताक योजलं. ताकानं काठोकाठ भरलेला तांब्या मागच्या सीटवर भागूबाईच्या हातात द्यायचा, औंढ्याच्या रस्त्यानं ठरलेलं अंतर जाऊन यायचं आणि उरलेलं ताक मापानं मोजायचं. भागूबाई ही नामाजीची बायको. मी समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, "वन्सं, नवं लुगडं नेसू का जुनं?"

मी म्हटलं, परीक्षा आहे, नवं नेस. ती जुनं नेसून आली. बरं केलं.

नामाजी एरवी गाडी अशी चालवतो की मागे बसलेलं लेकरू जागं होऊ नये. आज एक खड्डा सोडला नाही. जिथे खड्डा नव्हता तिथे रस्ता सोडून खाली उतरला आणि खड्डा गाठला. अर्धा तांब्या भागूबाईच्या अंगावर.

मग प्लिमथ. जाताना एक थेंब सांडला नाही. गाडी नव्हे, पाळणा. परत येताना उत्तमसिंगनं अचानक ब्रेक मारला. तांब्या सरळ शेजारी बसलेल्या माझ्या मांडीवर.

"शेळी आडवी आली, बाई."

शेळी रस्त्यापासून लांब, बांधावर उभी होती आणि आमच्याकडे पाहत होती.

भागूबाई दोन्ही वेळा हसली. पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. ताकानं भिजल्यावर एवढं हसण्यासारखं काय असतं ते मला कळलं नाही. विचारलं तर म्हणाली, "काही न्हाई वन्सं, तुमी लिहा."

१ ऑक्टोबर, शुक्रवार

दोघांची दृष्टी अधू झाली असावी असा निष्कर्ष काढून दोघांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. वाटेत दोघं शाळा चुकवताना पकडलेल्या पोरांसारखे चालले. डॉक्टरांनी खालची ओळ वाचायला सांगितली. नामाजीनं वाचली. उत्तमसिंगनं वाचली आणि तिच्याही खाली छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं. डोळे दोघांचे ठणठणीत.

म्हणजे दोष लक्षाचा आहे. लक्ष लागत नाही त्याला औषध नाही. दुसरी व्यवस्था करावी लागेल.

३ ऑक्टोबर, रविवार

चूक माझीच. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी औरंगाबादला आम्हाला पहिल्या तासाला शिकवलं होतं : दोन वस्तूंची तुलना करायची तर बाकी सगळं सारखं ठेवा. मी दोन गाड्यांना दोन वेगळे चालक दिले. मग फरक गाडीचा की चालकाचा, हे कसं कळणार? आतापर्यंतचे सगळे पेपर रद्द. दोन्ही गाड्या एकाच माणसानं चालवल्या पाहिजेत आणि तो माणूस या दोघांपैकी नको.

तिसरा माणूस मीच आहे. मला गाडी चालवता येत नाही, पण ते शिकता येण्यासारखं आहे.

नामाजीला सांगितलं. त्याच्या हातातला पाना खाली पडला. उत्तमसिंग मात्र म्हणाला, "बाईंना जमंल. बाईंनी माह्या पुतण्याला बीजगणित शिकवलंय."

५ ऑक्टोबर, मंगळवार

परभणीला जाऊन शिकाऊ लायसन्स काढून आणलं. खिडकीवरचा तरुण म्हणाला, आजी, कुणासाठी पाहिजे? मी त्याला अर्जावरचं नाव मोठ्यानं वाचायला लावलं.

९ ऑक्टोबर, शनिवार

चार दिवस पहाटेपासून जिनिंगच्या मोकळ्या मैदानात. डाव्या पायाला क्लच शिकवणं हे सातवीच्या वर्गाला अपूर्णांक शिकवण्यासारखं आहे. सोडायचा, पण एकदम नाही. पहिल्या दिवशी प्लिमथ बारा वेळा बंद पडली. दुसऱ्या दिवशी मी फोर्ड कडब्याच्या गंजीत घातली. गंजीचं नुकसान झालं नाही.

आज दोन्ही गाड्या मैदानाभोवती दहा-दहा फेऱ्या चालवल्या. केवळ नोंद म्हणून लिहिते : फोर्डचं स्टिअरिंग जड आहे, हाताला रस्त्यातला प्रत्येक खडा सांगतं. ब्रेक दोन फर्लांग आधी ठरवून दाबावा लागतो, त्यामुळे पुढे पाहायची सवय लागते. प्लिमथ काहीच सांगत नाही. ती गोड बोलते, बोटानं वळते आणि तिचा वेग काटा पाहिल्याशिवाय कळत नाही. फोर्ड चालवताना मान दुखते, प्लिमथ चालवताना झोप येते. दोन्हींतून उतरावंसं वाटत नाही. हे शेवटचं वाक्य परीक्षेच्या कामाचं नाही.

तीन पेपर नव्यानं घेतले. दोन्ही पहिल्या झटक्यात सुरू. अंतर फोर्ड सात, प्लिमथ सहा. ताक फोर्डमध्ये पाव तांब्या सांडलं, प्लिमथमध्ये अजिबात नाही. गाड्यांत काही दोष नाही. असली गुणी परीक्षार्थी या दोघांच्या हाती पडली हे त्यांचं दुर्दैव.

१३ ऑक्टोबर, बुधवार

उत्तमसिंगच्या बंजारा तांड्यावर जेवणाचं बोलावणं होतं. मिराबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, निरोप पाठवला : दोन्ही गाड्या आणा, तांड्याला पाहू द्या. चढणीचा पेपर राहिलाच होता. मी होकार दिला. शेजारी नामाजी, कारण शिकाऊ लायसन्सचा तसा नियम आहे. दुसरी गाडी मागून उत्तमसिंगनं नाल्यापर्यंत आणली.

नरसीच्या पुढे डांबरी सोडली की कच्ची वाट, मग एक नाला. पूल नाही. घोट्याएवढं पाणी, पण तळाला डोक्याएवढाले दगड आणि पलीकडे तिरपी चढण. पहिल्यांदा प्लिमथ घातली. चार हात गेली आणि पोटाखालून असा आवाज आला की उत्तमसिंग काठावरून धावत पाण्यात आला. तांड्याचे बारा जण आले, आमच्यासकट तिला मागे ओढून काढलं. पोटाला लांब ओरखडा. उत्तमसिंग आडवा पडून त्या ओरखड्यावरून बोट फिरवत होता, आणि नामाजी माझ्यावर ओरडला. मोठ्या बहिणीवर. "अक्का, त्यानं एकेक पत्रा हातानं ठोकलाय तिचा." मी त्याला आवाज खाली घ्यायला सांगितलं.

मग फोर्ड घातली. पहिला गिअर, पाय स्थिर. डाव्या दगडावर चढली, उजव्यावरून उतरली, पाण्यातून हळू हळू गेली आणि चढण चढून वर उभी राहिली. बासष्ट वर्षांची गाडी. मी चालवत होते म्हणून सांगत नाही.

तांड्यातला एक म्हातारा काठी टेकत आला. बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "आमच्या आज्याचे बैल असेच चढत व्हते. पाठीवर मीठ घेऊन." जेवताना मिराबाई आणि भागूबाई एकमेकींकडे पाहून काहीतरी खुणावत होत्या. बायकांना जेवताना एका ठिकाणी लक्ष ठेवता येत नाही.

चढण : फोर्ड दहापैकी दहा, प्लिमथ शून्य.

१७ ऑक्टोबर, रविवार

काल सर्व गुणांची बेरीज केली. तीन वेळा केली. आराम, वेग, ब्रेक, सामान, दिवे यांत प्लिमथ पुढे. चढण, काटकसर आणि दुरुस्तीची सोय यांत फोर्ड. एकूण प्लिमथ ७४, फोर्ड ६९.

आज सकाळी गॅरेजात निकाल वाचून दाखवला. प्लिमथ राहील. फोर्ड उद्या नांदेडला जाईल.

वाचून झाल्यावर फोर्डची बेरीज चौथ्यांदा करून पाहिली. तेवढीच आली.

वडिलांची गाडी जाणार म्हटल्यावर नामाजी रडेल असं मला वाटलं होतं. तो हसला. चक्क सुटल्यासारखा हसला आणि उत्तमसिंगच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बराबर निकाल हाय. अक्काचा निकाल म्हणजे निकाल."

ज्याची गाडी पहिली आली तो उत्तमसिंग लाल झाला. "न्हाई बराबर. बाई, परत तपासा. माह्या गाडीला येवढे गुण भेटूच शकत न्हाईत. ती तेल खाती, पावसात दार गळतं. मी कुणाला सांगितलं न्हाई, पण गळतं."

"कोणतं दार?"

"…मागचं."

बादली मागवून पाणी ओतलं. एक थेंब आत गेला नाही.

जिंकलेल्या मुलाच्या पालकानं फेरतपासणी मागितल्याचं चौतीस वर्षांत हे पहिलं उदाहरण.

१८ ऑक्टोबर, सोमवार

अमृतराव नऊ वाजता ट्रक घेऊन हजर. मीही वही, किल्ली, कागद घेऊन वेळेवर. गॅरेजात पाऊल टाकलं आणि थबकले. पाने, हातोडे, जॅक, हवेचा पंप सगळं ओळीनं मांडलेलं, त्यावर हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. दोन्ही गाड्यांना हार. पुढे फोडलेला नारळ. भागूबाई आणि मिराबाई उदबत्तीच्या धुरात बसलेल्या.

आज खंडेनवमी. मी सरकारी कॅलेंडर पाहून तारीख दिली होती, त्यात फक्त वार पाहिला.

"वन्सं," भागूबाई अगदी गरीब आवाजात म्हणाली, "पूजा झाली. आता उद्या दसऱ्यापर्यंत कशाला हात लावता येत न्हाई. गाडी बी हलवता येत न्हाई."

"पूजा पहाटेच उरकायची काय घाई होती?"

"मुहूर्त व्हता."

अमृतराव चपला काढून खाटेवर बसले. "आपल्याला काही तकलीफ न्हाई," म्हणाले. "पुरण हाय का?"

पुरण होतं. अख्खा दिवस रिकामा. काम नसताना मी काय करणार, परीक्षेची वही काढून पहिल्या पानापासून वाचली. रद्द केलेले पेपरसुद्धा. आणि दुपारी तीनच्या सुमाराला मला ते दिसलं. माझी मलाच लाज वाटली. शेवटच्या बाकावरच्या पोराची चिठ्ठी पकडणारी मी.

फोर्डचं जे जे बिघडलं ते नामाजीच्या हातून. प्लिमथचं जे जे बिघडलं ते उत्तमसिंगच्या हातून. दोघांनीही बिघडवली ती आपलीच गाडी, आणि माझ्या हातात दोन्ही पहिल्या झटक्यात सुरू झाल्या होत्या.

दोघांना समोर उभं केलं.

"कॉक कुणी बंद केला?"

"विसरलो, अक्का."

"तीस वर्षांत किती वेळा विसरलास?"

नामाजी पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला.

"उत्तमसिंग, हवा?"

"निघाली, बाई."

"चारही चाकांतून? सारखीच?"

मिराबाईला राहवलं नाही. "सांगा की आता. महिना झाला, घरी रोज हेच. आज गाडी बिघडवू कशी, बाईला कळू न देता."

मग उत्तमसिंग बोलला. खाली मान घालूनच. "म्हाताऱ्यानं मला त्या फोर्डवर शिकवलं, बाई. तुमच्या वडलांनी, मुंजाजी ड्रायव्हरनं. तांड्याचं पोरगं गाडीत बसवलं म्हणून देशमुखाचा कारभारी ओरडला, तर म्हातारा म्हणाला, गाडीला माणूस कळत न्हाई, क्लच कळतो. ती गाडी नांदेडात नवरदेव वाहील आन मी ह्या पोपटीला फडकं मारत बसू? माही गाडी जाऊ द्या. नामाजीची राहू द्या."

"माही कशी?" नामाजी उसळला. "मला बापानं आयती देली. तू सहा वर्षं पत्रा ठोकला. ठोकून ठोकून तुला कमी ऐकू येतं."

"येतं ऐकू."

"न्हाई येत. काल मी तुला तीनदा हाक मारली."

"ऐकली व्हती. निकाल ऐकून तुह्याशी बोलायचं नव्हतं."

दोघं भांडू लागले. मी वहीनं टेबल आपटलं. हजारो मुलं माझ्या हाताखालून गेली. पास व्हायला चिठ्ठ्या आणणारी पुष्कळ पाहिली. शेजाऱ्यानं पास व्हावं म्हणून स्वतः नापास होणारी ही पहिली जोडी, आणि तीही दोन्ही बाकांवर एकाच वेळी.

"तुम्ही दोघंही नापास," मी सांगितलं. "गाड्यांचा निकाल राखून ठेवला आहे."

"आन मंग छप्पर?" नामाजी म्हणाला. "ते एकच हाय."

मग मिराबाई हळूच म्हणाली, "आमचा गोठा रिकामा हाय, बाई. ट्रॅक्टर आल्यापासून बैल न्हाईत. पत्रे नवे टाकलेत. एक गाडी बसंल."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"ह्यांची गाडी नाला वलांडत न्हाई, ते तुमीच पाह्यलं. आन जी वलांडती ती तुमच्या बापाची. ती आमच्या दारात बांधू द्या असं कोणत्या तोंडानं म्हणावं?"

मी नामाजीकडे पाहिलं. तो म्हणाला, "मी म्हणणार व्हतो, अक्का. पण माह्या घरची अडचण त्याच्या गळ्यात कशी घालावी?"

सबंध महिना ही दोन वाक्यं दोन घरांत अडकून राहिली होती, आणि मी ताक मोजत होते.

निकाल दिला. फोर्ड उत्तमसिंगच्या गोठ्यात जाईल, कारण तिथवर फक्त तीच पोचते. प्लिमथ इथल्या छपराखाली राहील, कारण ती दुसरीकडे कुठे जाऊच शकत नाही. उत्तमसिंगनं फोर्ड सांभाळायची, नामाजीनं प्लिमथ. परीक्षा संपली.

"आन मी?" खाटेवरून अमृतराव म्हणाले.

"तुम्हाला नवरदेव हारासकट मागे बसेल अशी गाडी पाहिजे. लग्न असेल त्या दिवशी प्लिमथ न्या, दुसऱ्या दिवशी आणून सोडा."

"चालवणार कोण? माह्या ड्रायव्हरला ही दांडी न्हाई समजणार."

मी नामाजीकडे पाहिलं, उत्तमसिंगकडे पाहिलं. दोघांचा पूर्वेतिहास माझ्या वहीत लेखी आहे.

"बघू," मी म्हणाले. "पक्कं लायसन्स महिन्याभरात मिळतं."

१९ ऑक्टोबर, मंगळवार

दसरा. दुपारी सीमोल्लंघनाच्या वेळी फोर्ड घेऊन निघालो. मी चालवायला, शेजारी नामाजी, मागे उत्तमसिंग, भागूबाई आणि आपट्याच्या फांद्या. नाल्याच्या काठाशी नामाजी म्हणाला, "थांब, अक्का." उतरला. मला वाटलं, आता याचा पाय निघत नाही. त्यानं पँट गुडघ्यापर्यंत वर केली, पाण्यात उतरला आणि वाटेतले मोठे दगड एकेक उचलून बाजूला ठेवू लागला. मग उत्तमसिंगही उतरला. फोर्डला त्याची गरज नव्हती, तिनं मागच्या बुधवारी सिद्ध केलेलं आहे. पण मी हॉर्न वाजवला नाही. अर्धा तास थांबले.

पलीकडे अख्खा तांडा उभा होता. मिराबाईनं चाकांवर पाणी घातलं, कुंकू लावलं. बायकांनी त्यांच्या बोलीत गाणं म्हटलं. अर्थ विचारला तर म्हणाल्या, नव्या सुनेचं हाय, पण चालतं.

२६ नोव्हेंबर, शुक्रवार

महिनाभर लिहायला सवड झाली नाही. पक्कं लायसन्स आलं. रस्त्याचं काम सुरू झालं, मोठं छप्पर उतरवलं. परवा नांदेडला पहिलं लग्न. नवरदेव पोक काढून बसला होता, त्याला सरळ बसवलं. परत येईपर्यंत तो सरळच होता.

मुख्य तक्रार निराळी आहे. उत्तमसिंग सकाळी सातला तांड्यावरून निघतो आणि इथे येऊन प्लिमथ पुसतो. त्याच वेळी नामाजी इथून निघतो आणि तांड्यावर जाऊन फोर्डचं तेल तपासतो. नरसीच्या फाट्यावर दोघांची गाठ पडते, मग तिथल्या हॉटेलात चहा होतो, मग दुसरा होतो. तेल रोज तपासावं लागत नाही आणि छपराखालच्या गाडीवर रोज धूळ बसत नाही, हे मी दोघांना बजावून सांगितलं. दोघंही व्हय म्हणाले. आज परत तेच.

साडेनऊ वाजले आहेत. गॅरेजात मी एकटी. बाहेर कापसाचा एक ट्रक येऊन उभा आहे, ड्रायव्हर मघापासून हॉर्न वाजवून राहिला आहे, पुढचं चाक बसलेलं इथूनच दिसतं आहे. जॅक कुठे ठेवलाय ते मला माहीत आहे. लिहिणं इथेच थांबवते.